उसनं नाक

फेब्रुवारीत ताप उतरला त्या सकाळी एल्वीराला वाटलं, कुणीतरी आपलं घर आतून-बाहेरून धुऊन काढलंय. इतकं धुतलंय, की त्यात काही उरलेलंच नाही. शेगडीवर राय धान्याच्या पावाचे तुकडे भाजायला ठेवले होते. ते काळे पडले, धूर झाला, डोळे चुरचुरले, तेव्हा कुठे तिला कळलं. नाकाला पत्ताच नव्हता.

"या तापात होतं असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "येईल वास हळूहळू."

मार्च आला. बर्फ वितळलं. अंगणातल्या बर्च झाडाच्या खोडातून गोड रस बादलीत टपटपू लागला. वास आला नाही.

दुसऱ्या कुणाचं एवढ्याने फारसं अडलं नसतं. पण एल्वीरा बिअर करायची. पालिएपे गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर कुणाचं लग्न असो, बारसं असो, की कुणाला मातीत ठेवून आल्यानंतरचं जेवण असो, टेबलावर एल्वीराच्या बाटल्या हव्यातच. एका खेपेला पन्नास बाटल्या. त्याहून जास्त ती कधी करत नसे. मोड आणून वाळवलेल्या जवाचं जाडसर पीठ ती गरम पाण्यात कालवून ठेवायची, त्याचे जाड पाव थापून भट्टीत लावायची, आणि ते बाहेरून काळेभोर, आतून मधाच्या रंगाचे झाले की कढत पाण्यात मोडून टाकायची. त्या पाण्याचीच पुढे बिअर व्हायची. पाव कधी काढायचे हे घड्याळ सांगत नाही. लाकूड कधी ओलं असतं, जव दर वर्षी निराळा असतो, वाऱ्याची दिशा असते. नाकच सांगतं. छत्तीस वर्षं तिचं नाक सांगत आलं होतं आणि ती ऐकत आली होती.

गंमत अशी, की झोपेत सगळे वास शाबूत होते. दुपारी जेवून ती खिडकीपाशी कलंडली, की पांढऱ्या उजेडात डोळे मिटत आणि ती अंगणापलीकडच्या भट्टीच्या खोलीत असे. तिथे ओल्या पेंढ्याचा वास, तापलेल्या मधाचा, तळघराच्या पायरीवर ठेवलेल्या सफरचंदांचा. कधी खोलीला छप्परच नसे आणि वरून हॉप्सची फुलं हिमासारखी भुरभुरत असत. कधी भट्टीच्या तोंडातून आतमध्ये तळं दिसे, आणि तळ्यावर तिचे काळे पाव हंसांसारखे सावकाश तरंगत लांब जात. ती काठाकाठाने हुंगत चालत राही. जाग आली, की पुन्हा ते धुतलेलं जग. एप्रिल संपेपर्यंत एल्वीरा दिवसातून दोनदा झोपायला लागली होती.

मे महिन्यात शेजारची वांदा कुंपणाशी आली. तिच्या मुलीला जुळं झालं होतं.

"जूनच्या शेवटच्या रविवारी बारसं आहे, एल्वीरा. बिअर तुझीच. नाही म्हणू नकोस."

"करते," एल्वीरा म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि मगच तिला नाक आठवलं.

रात्रभर विचार करून सकाळी ती तळ्याला वळसा घालून स्तासेकडे गेली. स्तासे म्हणजे तिच्या नवऱ्याची, लेओनासची, धाकटी बहीण. लेओनासला जाऊन चार वर्षं झाली होती. स्तासेने लग्न केलं नव्हतं. बिर्झायच्या टपालकचेरीत पार्सलांच्या खिडकीमागे तिने एकतीस वर्षं काढली होती, आणि आता त्या पलीकडच्या घरात ती, दोन शेळ्या आणि रेडिओ. नणंद-भावजयीत वैर नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. नाताळला एक केक इकडून तिकडे जायचा, ईस्टरला एक तिकडून इकडे यायचा.

"स्तासे, तुझं नाक दे मला."

"काय?"

"नाक. उसनं. दोन-चार दिवसांसाठी."

स्तासेने हातातली किटली खाली ठेवली. "वहिनी, ताप परत चढला का गं?"

एल्वीराने सगळं सांगितलं. स्तासे ऐकत राहिली, आणि मग तिने स्वतःच्या नाकाला असा हात लावून पाहिला, जणू ते तिथे आहे हे तिला आजच कळलं होतं.

"मला बिअरमधलं काही कळत नाही बाई."

"कळायला मी आहे. तू फक्त हुंगायचं आणि मला सांगायचं."

जूनच्या पहिल्या आठवड्यात भट्टी पेटली. लिंडनची झाडं नुकती कळ्यांवर आली होती. आल्डरची लाकडं जळून निखारे झाले, एल्वीराने ते ओढून काढले, पाव आत सरकवले आणि झाकण लावलं. दोघी बाकावर बसल्या. तासाभराने झाकणाच्या फटीतून वाफ यायला लागली.

"सांग."

स्तासेने नाक पुढे केलं. "छान."

"छान म्हणजे?"

"म्हणजे छानच की. वाईट नाही."

"पार्सलं जोखायचीस ना? तेव्हा पावतीवर काय लिहायचीस? 'छान'?"

"तीन किलो दोनशे, असं लिहायचे."

"हां. तसं सांग."

स्तासेने डोळे मिटले. मग अडखळत म्हणाली, "शाळेत स्टोव्हभोवती ओले कोट वाळत घालायचे ना... तसा. आत्ता फक्त ओला कोट."

"म्हणजे वेळ आहे अजून."

अर्ध्या तासाने कोट वाळला. मग त्यात कुणीतरी खिशात विसरलेली साखरेची गोळी वितळायला लागली. मग स्तासेला आईने जामखाली लागू दिलेलं पातेलं आठवलं, आणि त्या पातेल्याची खरवड चोरून खाताना धरलेला लेओनास आठवला. "दोन दिवस तोंड काळं होतं त्याचं. म्हणे, कोळसा खाल्ला. कोळसा खाल्ला म्हणून कबूल करेल, पण जाम नाही!"

एल्वीराने हे कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या माणसाशी संसार केला, तो आठ वर्षांचा होऊन वाफेत उभा राहिला, तोंड काळं करून. ती हसली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की स्तासे आपल्याकडे टक लावून बघतेय.

"आता? आता कसा येतोय?"

"आता... खरवड. अगदी तीच खरवड."

"काढू या."

पाव पाण्यात गेले. पेंढ्याच्या थरातून गाळून तांबूस, गोडसर रस खालच्या टोपात येत राहिला. त्या धारेसारखीच दुपार सावकाश गळत होती. बिअरला कडूपणा देणारा हॉप्सच्या फुलांचा काढा त्यात पडला. शेवटी तळघरातून ओकचं पिंप वर आणलं. हिवाळाभर ते खाली पडून होतं. दर वर्षी एल्वीरा जानेवारीतच ते घासून चुलीपाशी वाळवायची. यंदा जानेवारीत ती अंथरुणात होती. आता तिने त्यात कढत पाणी ओतून खळबळून काढलं आणि पिंप स्तासेपुढे आडवं केलं.

"हुंग."

स्तासेने डोकं आत घातलं. चांगला मिनिटभर ते आतच राहिलं. बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला कोळिष्टक चिकटलं होतं.

"छान," ती म्हणाली.

एल्वीरा अजून त्या काळ्या तोंडाच्या पोरात रमली होती. तिने विचारलं नाही, छान म्हणजे काय.

त्यानंतर रोज दुपारी स्तासे येऊ लागली. कामापुरती नाही, उगीचच. पिंपाला कान लावून दोघी बसत, आत बुडबुड्यांची कुजबुज चाले. स्तासे चुलीवरच्या दुधाचा वास सांगे, अंगणातल्या शेपूचा सांगे, रस्त्यावरून गेलेल्या ट्रॅक्टरचा सांगे. लिंडन फुलली त्या दिवशी ती दारातूनच ओरडली, "वहिनी, अगं, सगळं गाव कुणीतरी मधात बुडवून काढल्यासारखं झालंय!" आणि एल्वीराने मान वर करून त्या पिवळट झाडाकडे नुसतं पाहिलं, तरी तिला काहीतरी मिळालं. बाटल्या भरल्या त्या दिवशी स्तासे नळी धरत होती आणि एल्वीरा बुचं दाबत होती. दोघींचे ॲप्रन चिंब झाले. एल्वीराने घोट घेऊन पाहिला. जीभ सांगायची तेवढंच सांगत होती: गोड आहे, मागून कडू आहे, आंबट नाही. बरोबर होतं सगळं.

बारशाच्या दिवशी वांदाच्या सफरचंदाच्या झाडांखाली लांबच लांब टेबल मांडलं होतं. बीटचं गुलाबी थंड सूप, धुरावलेलं मांस, किसलेल्या बटाट्याचा भाजलेला कुगेलिस, आणि मधोमध एल्वीराच्या बाटल्या. जुळी पोरं आळीपाळीने रडत होती. गारवा होता, ऊन होतं, पांढरे टेबलक्लॉथ वाऱ्यावर श्वास घेत होते. एल्वीराला त्या सगळ्याची गुंगी आली होती. लोक ग्लास उचलत होते, तिच्याकडे बघून मान डोलावत होते.

मग तिच्या लक्षात आलं, की पुन्हा कुणी ओतून घेत नाही.

तिने नीट पाहिलं. ग्लास अर्धे होते आणि अर्धेच राहत होते. बायका बर्चच्या रसाकडे वळल्या होत्या. टेबलाच्या टोकाला मधमाश्यावाला झिग्मास बसला होता. एल्वीराच्या बिअरसाठी हा माणूस एकदा निमंत्रण नसताना दोन गावं चालत गेला होता. तो उठला, झाडामागे गेला, आणि इकडेतिकडे बघून त्याने ग्लास मुळाशी रिकामा केला. परत येताना त्याची आणि तिची नजरानजर झाली. तो लाजला. सत्तर वर्षांचा माणूस, कानापर्यंत लाल झाला.

कुणीही एक शब्द बोललं नाही. वांदाने निघताना तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि "खूप कष्ट घेतलेस गं" असं म्हणाली.

तळ्याकाठच्या वाटेवर एल्वीरा थांबली.

"स्तासे. काय आहे त्या बिअरमध्ये?"

स्तासे चालत राहिली.

"मी विचारतेय तुला."

"तळघर," स्तासे पाठमोरीच म्हणाली. "बटाट्याची जुनी पोती. ओली पोती."

"म्हणजे बुरशी. पिंपातून. तुला पिंपातच आला होता वास."

"आला होता."

"आणि तू छान म्हणालीस!"

"तू हसली होतीस, वहिनी." आता ती वळली. "इतक्या महिन्यांनी हसली होतीस. मी म्हणाले असते, पिंप सडलंय, तर तू सगळं ओतून दिलं असतंस, आणि मला म्हणाली असतीस, जा घरी. मग दुसऱ्या दिवशी मी कशाला आले असते तुझ्याकडे? शेळ्यांचा वास सांगायला?"

"मी तुझ्याकडे नाक मागितलं होतं," एल्वीरा म्हणाली. "दया नव्हती मागितली. सगळ्या गावाने आज माझ्यावर दया केली, आणि तिथे मी एकटीच मूर्ख मान डोलावत बसले होते."

ती पुढे निघून गेली. त्या दिवसापासून तळ्याच्या दोन बाजूंना दोन घरं होती, बस.

जुलै गेला. गवत कापलं, वाळलं, गंजी रचल्या. एल्वीरा दुपारी झोपायची, पण स्वप्नंही बिघडली होती. भट्टीच्या खोलीत ती जायची, सगळं जागच्या जागी असायचं, आणि कुणीतरी पाठमोरं उभं राहून सारखं म्हणायचं, छान, छान. वास मात्र तिथूनही उठून गेला होता. राग कधी उतरला ते तिला कळलं नाही. एवढंच कळलं, की लिंडनचा बहर ओसरला हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

ऑगस्टच्या मध्याला एका सकाळी अंगणात खरखर ऐकू आली. तिने पडदा सारला. स्तासे गुडघे टेकून बसली होती, बाही वर, आणि पिंपाच्या आत खांद्यापर्यंत हात घालून ब्रशने घासत होती. बाजूला मोठ्या टोपात जुनिपरच्या झुडपाच्या सुवासिक फांद्या उकळत होत्या. एल्वीरा बाहेर आली, पायरीवर उभी राहिली. स्तासेने उकळतं पाणी ओतलं, पिंप गडगडवलं, रिकामं केलं, हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा घासायला बसली. तिसऱ्या खेपेनंतर एल्वीरानेच फांद्यांचा दुसरा टोप चढवला.

दुपारी पिंप उन्हात पालथं पडलं होतं. स्तासे स्वयंपाकघरात हात धूत होती. एल्वीराने दाराच्या खुंटीवरून लेओनासची लोकरी टोपी काढली. ती टोपी तिने चार वर्षांत धुतली नव्हती. तापाआधी दर रविवारी ती त्यात तोंड खुपसायची. तंबाखू, घाम, मेण, तो. नाक गेल्यावरही ती रविवारी टोपी हातात घ्यायची. आपल्याला येत नसला तरी वास आहे तिथे, एवढं पुरायचं.

"हिला कसला वास येतो?" तिने विचारलं.

स्तासेने हात पुसले. टोपी घेतली. भावाची टोपी तिने ओळखली होती, हे तिच्या बोटांवरून दिसत होतं. तिने ती तोंडाशी धरली, एकदा श्वास घेतला, मग पुन्हा, अस्तर उलटं करून. बाहेर दूर कुठेतरी कापणीचं यंत्र घरघरत होतं.

"धुळीचा," ती म्हणाली. "थोडा लोकरीचा. बाकी काही नाही, वहिनी. तो नाहीये यात."

एल्वीरा खुर्चीवर बसली. छातीतून काहीतरी काढून नेल्यासारखं झालं, आणि रिकाम्या जागेत बराच वेळ नुसता तो यंत्राचा आवाज येत राहिला. खोटं बोलणं किती सोपं होतं इथे. कुणीही बोललं असतं. ती स्वतः बोलली असती.

"कधीचा गेला असेल?"

"ते नाही सांगता येत. पण आजकालचा नाही. खूप आधीच गेला असेल."

"म्हणजे मी माझ्याच मनाने..."

"असेल."

स्तासेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने आपलं म्हणणं मागे घेतलं नाही. एल्वीराने टोपी तिच्या हातातून घेतली, टबात कोमट पाणी घेतलं आणि ती हळूहळू धुतली. पाणी करडं झालं. मग ती पिळत म्हणाली, "पाव परवा लावू. हॉप्स काढून ठेव पिशवीतून."

थोड्या वेळाने माळ्यावरून ओरडा आला. "वहिनी! ही हॉप्स आहेत की झिग्मासचे पायमोजे?"

"इतकी वाईट?"

"पंधरा दिवस न बदललेले पायमोजे. त्यात चीज ठेवलेलं."

"फेक!" एल्वीरा खालून ओरडली, आणि तिला इतकं हलकं वाटलं, की ती पुन्हा ओरडली, "फेक सगळी!" हॉप्स उकिरड्यावर गेली. कुंपणावरचा वेल यंदा लवकर पिकला होता. दोघींनी दोन टोपल्या ताजी फुलं तोडली. बोटं चिकट, पिवळी झाली.

भट्टी लावली त्या दुपारी हवा गढूळ, उबदार, अर्धवट झोपेतली होती. पाव आत जाऊन तास झाला होता. एल्वीराने डोकावून पाहिलं. रंग अजून हवा तेवढा काळा नव्हता. तिच्या हिशोबाने निदान वीस मिनिटं होती.

"काढ," स्तासे म्हणाली.

"अजून वेळ आहे. रंग बघ."

"रंग तू बघ. मी सांगते, काढ. साखर जळायच्या आधीचा... सुईच्या टोकावर उभा असल्यासारखा वास आहे. आत्ता, वहिनी. पुढच्या श्वासाला जाईल तो."

एल्वीराचा हात फावड्याच्या दांड्यावर क्षणभर अडला. डोळे नाही म्हणत होते, छत्तीस वर्षं नाही म्हणत होती. तिने फावडं आत घातलं आणि पाव काढले.

सप्टेंबरच्या अखेरीला त्या बाटल्या उघडल्या. पहिल्या बारा एल्वीराने स्वतः वांदाच्या दारात नेऊन ठेवल्या आणि म्हणाली, "बारशाची राहिली होती." वांदाने तिला घट्ट मिठी मारली आणि मग मोकळेपणी सांगितलं, की जूनमधली बिअर म्हणजे बुडालेल्या होडीचं लाकूड चाटल्यासारखी होती. दोघी हसून बेजार झाल्या. झिग्मासने एक बाटली संपवली, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "पूर्वीसारखी नाहीये हां. फिकट आहे. काहीतरी निराळंच आहे." मग त्याने दुसरी उघडली. तिसरी त्याने खिशात घातली.

नाक म्हणाल, तर ते पुरतं परत आलं नाही. नोव्हेंबरात कधीतरी तिला धूर जाणवला, पुढे कधी कांदा. वर्षभर कॉफीला जळक्या रबराचा वास येत राहिला. डॉक्टरीणबाई अजूनही "हळूहळू" म्हणतात. गावात कुणाकडे काही असलं, की लोक आता दोघींना विचारतात, आणि तारीख ठरवताना स्तासे वहीत बघितल्याशिवाय हो म्हणत नाही. टपालकचेरीची सवय.

पण त्या पहिल्या बाटलीचं सांगायचं राहिलं. वांदाकडे बाटल्या नेण्याच्या आदल्या दिवशी ती दोघींनी अंगणातल्या बाकावर उघडली होती. चार वाजले असतील. ऊन तिरपं झालं होतं, कापलेल्या शेतात क्रौंच पक्षी शेकड्यांनी उतरले होते आणि दक्षिणेकडे जाण्याआधी एकमेकांशी बोलत होते. बूच निघालं, फेस काठापर्यंत येऊन थांबला. एल्वीराने घोट घेतला. गोड, मागून कडू. तेवढंच. तिने ग्लास पुढे केला.

स्तासेने हुंगलं. घोट घेतला, तोंडात फिरवला. तिचे ओठ उघडले आणि तसेच मिटले. पुन्हा हुंगलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू पसरत गेलं, आणि त्याला शब्द सापडेना.

"काय गं?" एल्वीराने विचारलं.

"थांब. छान म्हणणार नाही मी."

"नको म्हणूस."

"थांब जरा. सांगते."

शेतात क्रौंचांचा एक थवा उठला, एक फेरी मारून पुन्हा उतरला. एल्वीराने पाय लांब केले, पाठ भिंतीला टेकली. भिंत दिवसभराच्या उन्हाने कोमट झाली होती. तिला घाई नव्हती.